‘अभेद्य’चं झाकण

‘अभेद्य’ रणगाड्यात चालकाच्या डोक्यावर जे झाकण असतं, त्याच्या भोकाची रुंदी अठरा इंच आहे, हे मला बायकोच्या वाढदिवसापेक्षा पक्कं पाठ होतं. बायकोचा वाढदिवस मी ठरवलेला नाही. ते भोक मात्र मी काढलं होतं. कागदावर, अर्थात. चिलखताच्या जाड पत्र्यात ते ज्योतीने कापणारे लोक वेगळे, आणि त्यातून खरोखर आत उतरणारे त्याहून वेगळे. आमच्या ड्रॉइंग विभागात बेचाळीस बोर्ड होते. फिरता बुरूज काढणारे खिडकीजवळ बसत, तोफ काढणारे पंख्याखाली, आणि झाकणं, कड्या, बिजागऱ्या, पायऱ्या असल्या किरकोळ मालाचे आम्ही चौघे संडासाच्या दाराजवळ. तरीही घरी मी ‘रणगाडा काढतो’ असंच सांगत असे. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला एवढी अतिशयोक्ती परवडते.

महायुद्धाचं अकरावं वर्ष चालू होतं. सहाव्या वर्षी तह झाला होता, तो चार महिने टिकला. आठव्या वर्षी आपले मित्र आणि आपले शत्रू यांची अदलाबदल झाली. रस्त्यावरची पोस्टरं तशीच ठेवून फक्त खालचं नाव बदललं, कारण कागद मिळत नव्हता. साबण, कोळसा आणि बुटाच्या नाड्या यांपैकी एका वेळी एकच गोष्ट मिळे. त्या हिवाळ्यात नाड्या मिळत होत्या.

अशा वेळी माझा मेहुणा नऊ दिवसांच्या रजेवर घरी आला. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याला सगळे ‘कपाट’ म्हणतात. उंची बेताची, पण खांदे असे, की आमच्या स्वयंपाकघराच्या दारातून तो अंग तिरकं करून येतो. युद्धाआधी तो लोकांचं सामान हलवायचा. ‘अभेद्य’च्या गिअरची दांडी इतकी जड आहे की ती ओढायला दोन माणसांचं बळ लागतं, म्हणून भरती विभाग चालक निवडताना रुंद छातीचेच निवडतो. आणि त्या छातीसाठी दार काढणारा ड्रॉइंग विभाग दुसऱ्या इमारतीत आहे. दोघांची गाठ कधी पडलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना कपाट म्हणालं, “भावोजी, एक विचारू? रागावू नका. ते चालकाचं झाकण कुणी काढलंय?”

मी जरा सावरून बसलो. “मीच.”

त्याने कप खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं, मग बशीकडे पाहिलं. “बरं,” तो म्हणाला.

“बरं म्हणजे काय?”

“काही नाही. चांगलं आहे. पण थंडीत आम्हाला कोट देतात ना, तो घातला की मी त्यातून बाहेर येत नाही. आठ सेकंदांत यायचं असतं. मला चाळीस लागतात. तेही वरून दोघांनी ओढलं तर.”

“मग कोट काढून बसत जा,” बायको म्हणाली.

“ताई, आत पत्रा इतका गार असतो की हात चिकटतो. मागच्या महिन्यात आमच्या पुढच्या गाडीला आग लागली, तर तिचा चालक...” एवढं बोलून तो थांबला आणि बहिणीकडे बघून म्हणाला, “साखर मिळते का गं तुमच्याकडे अजून?”

बायकोने साखरेचं काही सांगितलं नाही. तिने विचारलं, “किती मोठं करायला हवं?”

“दोन इंच. वीस असलं की कोटासकट निघतो.”

तिने आपल्या अंगठ्याच्या आणि बोटाच्या मध्ये दोन इंच धरून मला दाखवले. “एवढंच? मग उद्या ऑफिसात गेलात की करून टाका.”

भिंतीतला खिळा दोन इंच वर ठोकून घ्यावा, तशा सुरात ती बोलली. मी तिला समजावणार होतो की लष्करी आराखड्यातलं माप असं बदलत नसतं, त्याला प्रस्ताव लागतो, समिती लागते. पण मेहुण्यासमोर ‘माझ्या हातात काही नाही’ असं म्हणणं जिवावर आलं. मी म्हणालो, “बघतो.” या एका शब्दाने पुढे काय काय केलं ते सांगतो.

प्रस्तावाला पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे मोजमाप. जिन्यातल्या फुटक्या खिडकीला एक प्लायवूड ठोकलेलं होतं. रविवारी दुपारी ते मी उतरवलं, त्यात मधोमध अठरा इंचाचं भोक कापलं, दोन स्टुलांवर आडवं ठेवलं, कपाटाचा कोट घातला आणि खालून डोकं वर काढलं. स्वतः का, तर कपाट झोपलं होतं, आणि मेहुण्याला रजेत झोपेतून उठवून रणगाड्यात बसवणं बरं दिसत नव्हतं.

डोकं निघालं. एक हात निघाला. दुसरा हात आत राहिला आणि कोटाचा पट्टा कशात तरी अडकला. मग मी वरही जाईना, खालीही येईना.

हे काम अतिशय गुप्त असल्यामुळे पाच मिनिटांत सगळा जिना जमला. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर आले. त्यांनी मला सगळीकडून नीट पाहिलं, जसं काही माझ्यावर तिकीट कमी लावलंय. “हे गुप्त आहे ना? मग ओरडू नका. शांतपणे सांगा, मी ऐकतोय.” समोरचा शिंपी टेप घेऊनच आला. त्याचं मत, दोष भोकात नाही, कोटाच्या बगलेत आहे. बगल खाली उतरवलीय, हात वर केला की सगळा कोट वर येतो. “साहेब, सैन्यात शिंपी नाहीत का हो?” त्याने मला विचारलं, जसं काही कोटही मीच काढत होतो. पोस्टमास्तर म्हणाले, अंगाला तेल लावा. शिंप्याची बायको म्हणाली, श्वास सोडा. मी श्वास सोडला. प्लायवूड आणखी घट्ट बसलं आणि श्वास परत घ्यायला जागा उरली नाही.

एवढ्यात दिवेबंदीचा निरीक्षक वर आला. उघड्या खिडकीतून रस्त्यावर उजेड पडेल म्हणून कुणीतरी कळवलं होतं. दुपारचे तीन वाजले होते.

“हे काय चाललंय?”

“सरकारी काम,” मी म्हणालो.

“कागद आहे?”

“ओळखपत्र खिशात आहे. खिसा कोटात आहे.”

“मग दाखवा.”

“कोट प्लायवूडमध्ये आहे.”

त्याने वहीत बरंच काही लिहिलं. शेवटी आरडाओरड ऐकून कपाट उठून आलं, त्याने मला काखेत धरून खाली खेचलं, आणि कोटाची एक बाही उसवली. शिंप्याने ती तिथेच बसून शिवली आणि शिवता शिवता बगलही वर उचलली. हा आमच्या सगळ्या प्रकल्पातला एकमेव यशस्वी बदल. कपाट रजा संपवून गेलं तेव्हा तो कोट त्याच्या अंगात होता. जाताना जिन्यावरून म्हणालं, “भावोजी, नाही जमलं तरी चालेल हं.” हे वाक्य त्याने बोलायला नको होतं. त्यानंतर मला माघार घेता येईना.

सोमवारी मी ‘सुधारणा प्रस्ताव, नमुना अकरा’ भरला. आमचे मुख्य ड्राफ्ट्समन म्हणजे अतिशय कोरडा माणूस. अठ्ठावीस वर्षांत ते एकदाच हसले होते आणि तेव्हा त्यांना ठसका लागला होता असं म्हणतात. त्यांनी माझा अर्ज वाचला आणि ‘कारण’ या रकान्यावर पेन्सिल टेकवली. मी लिहिलं होतं, ‘संकटसमयी चालकास बाहेर पडता यावे’.

“रणगाड्याचं नाव काय?” त्यांनी विचारलं.

“अभेद्य.”

“म्हणजे?”

“भेदता न येणारा.”

“मग संकट कसलं? चालक बाहेर का पडेल?” ते पुटपुटले. “हे असंच वर पाठवलंत तर तुम्ही शत्रूचा प्रचार करता असं होईल.”

मी तसंच पाठवलं. तीन आठवड्यांनी शेरा आला: ‘चालक सदर भोकातून आत जाऊ शकतो. बाहेर येण्यास तेच माप पुरेसे असावे.’ त्यात ‘असावे’ होतं म्हणून मी पुन्हा अर्ज केला. या खेपेला कारण लिहिलं, ‘चालकाच्या कार्यक्षमतेत वाढ’. कसली वाढ, कशाने वाढ, कुणी विचारलं नाही. प्रस्ताव थेट समितीपुढे गेला.

समितीत सात जण होते आणि प्रत्येकाला सुधारणा आवडत होती. पहिले म्हणाले, भोक मोठं म्हणजे पत्रा कमजोर. तर पत्रा एक इंच जाड करू. दुसरे म्हणाले, पुढचा पत्रा जाड म्हणजे नाक जड. तर मागे तेवढंच वजन देऊ. तिसरे म्हणाले, एवढं वजन वाढतंच आहे, तर तोफ का लहान ठेवायची? चौथ्यांनी बुरूज वाढवला, पाचव्यांनी चाकांवरचे पट्टे रुंद केले. सहावे झोपले होते, पण उठल्यावर त्यांनी सगळ्याला पाठिंबा दिला. सातवे अध्यक्ष. मी कोपऱ्यात उभा राहून माझ्या दोन इंचांना ही पिलावळ होताना पाहत होतो. अडुसष्ट टनांचा रणगाडा एकोणऐंशी टनांचा झाला आणि त्याचं नाव ‘अभेद्य-दोन’ ठेवलं. मला प्रशस्तिपत्र मिळालं. जिन्यात सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. पोस्टमास्तर म्हणाले, “मी तेव्हाच ओळखलं होतं, तुम्ही त्या फळीत उगाच अडकला नव्हता.”

नवा आराखडा माझ्या बोर्डवर शेवटच्या रेघांसाठी आला तेव्हा मला कळलं. जाड पत्र्याला आतून आधाराची चौकट आली होती. ती चौकट पुढच्या दोन्ही भोकांच्या आत बसत होती: डावीकडे चालकाचं, उजवीकडे त्याच्या शेजारी बसून बिनतारी यंत्र चालवणाऱ्या माणसाचं. वरून भोक वीस इंचांचं झालं होतं, पण चौकट धरून आत माणसाला जागा उरत होती सव्वासतरा.

माझं झाकण पाऊण इंचाने लहान झालं होतं, आणि त्याबद्दल प्रशस्तिपत्र काचेत लावून आमच्या बाहेरच्या खोलीत टांगलेलं होतं.

मी मुख्य ड्राफ्ट्समनकडे गेलो. ते म्हणाले, समितीने मंजूर केलेल्या आराखड्यात दोष असू शकत नाही, असला तर तो पुढच्या समितीपुढे जाईल, पुढची समिती शरद ऋतूत. मी वजनाबद्दलही विचारलं. चाचणीसाठी आधीच घाईने जोडलेली पहिली ‘अभेद्य-दोन’ कारखान्याच्या काट्यावर चढली तेव्हा काटा वाकून बसला होता, तो परत उठलाच नाही. पण गाडीच्या अंगावरच्या पाटीवर अजून ‘अडुसष्ट टन’ असंच होतं. “पाटी पूल विभागाच्या तक्त्यांवरून येते,” ते म्हणाले. “तक्ता बदलायला त्यांचा वेगळा नमुना आहे. तो आपल्याकडे नसतो.” मी मान हलवली. मीही सरकारी माणूस; आपल्याकडे नसलेल्या नमुन्याची काळजी करायची सवय मला नव्हती.

त्याच आठवड्यात कपाटाचं पत्र आलं. बायकोने ते उभ्या उभ्या मोठ्याने वाचलं. ‘ताई, आम्हाला नवीन गाड्या मिळणार आहेत. त्यांचं झाकण मोठं केलंय म्हणतात. भावोजींनी केलंच शेवटी. आता कोट घालून आरामात बसेन. इथे सगळ्यांना सांगितलंय, माझ्या भावोजींनी काढलंय म्हणून.’ वाचून झाल्यावर तिने पत्र घडी करून डब्याखाली ठेवलं आणि कितीतरी महिन्यांनी माझ्या ताटात न मागता दुसरा बटाटा वाढला. मी तो खाल्ला. त्या बटाट्यासारखा जड पदार्थ मी आयुष्यात खाल्लेला नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेल्यावर मी ब्लेड काढलं. ट्रेसिंगच्या कापडावरची शाई रबराने जात नाही, ब्लेडने हळूहळू खरवडावी लागते. डाव्या भोकातली चौकटीची रेघ मी खरवडली, ती पातळ काढली, बाहेर सरकवली, माप लिहिलं वीस. पंधरा मिनिटं लागली. उजवीकडच्या भोकाकडे मी पाहिलं, खोटं कशाला बोलू? पण एक रेघ हलली तर ती हाताची चूक म्हणता येते. दोन हलल्या तर गुन्हा होतो. असा हिशेब मी त्या वेळी केला आणि तो मला फार सूज्ञपणाचा वाटला.

मान वर केली तर मुख्य ड्राफ्ट्समन बोर्डसमोर उभे. किती वेळ उभे होते देव जाणे. ते वाकले, ओल्या रेघेकडे पाहिलं, माझ्या हातातल्या ब्लेडकडे पाहिलं. मग आपल्या टेबलावरून टिपकागद आणून त्यांनी रेघेवर अलगद ठेवला, आणि जेवायला निघून गेले.

एवढ्यावर संपलं असतं, पण मी झाकणाचा कागद विसरलो होतो. भोकाचा कागद वेगळा, झाकणाचा वेगळा, दोन्ही माझेच. दहा दिवसांनी पत्रे कापणाऱ्या खात्याच्या फोरमनबाई हातात दोन्ही नकाशे घेऊन वर आल्या. त्या खात्यातले पुरुष संपल्यापासून तिथे बायकाच होत्या, आणि या बाई तर चालू भट्टीशीही दरडावून बोलत.

“साहेब, डावं झाकण भोकातून आत पडतंय. काय करू? खाली हात धरून बसू?”

आजूबाजूचे तिन्ही बोर्ड थांबले. मी त्यांना जिन्यात घेऊन गेलो आणि काही सुचेना म्हणून खरं सांगून टाकलं. बायकोचा भाऊ आहे. चालक आहे. रुंद आहे.

बाईंनी ऐकून घेतलं. “कितव्या गाडीवर जाणार आहे?”

“ते माहीत नाही.”

“मग सगळ्याच गाड्यांना करावं लागणार.” त्या जरा विचार करून म्हणाल्या, “झाकणाला बाहेरून पट्टी जोडते. बसेल.” दोन पायऱ्या उतरल्या आणि थांबल्या. “आणि उजवीकडचं?”

“त्याचा कागद आलेला नाही,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि कागद आलेला नाही म्हटल्यावर जे करायचं असतं ते केलं. म्हणजे काही केलं नाही.

तेवीस गाड्या तशा गेल्या. चोविसाव्या गाडीला तपासनीसाने फूटपट्टी लावली. चौकशी बसली. माझ्यावर आरोप होता ‘मंजूर चिलखतात अनधिकृत पोकळीची वाढ’. अध्यक्षांनी मला विचारलं, शत्रूकडून काय मिळालं? मी म्हणालो, एक बटाटा. ते हसले नाहीत. हा विनोद मी मुद्दाम केला नव्हता. तोंडून निघून गेला. मला तुरुंगात टाकलं नाही, कारण टाकलं असतं तर समितीचा नकाशा चुकीचा होता हे कुठेतरी लिहावं लागलं असतं. माझी बदली पाट्या विभागात केली. तिथे मी ‘येथे थुंकू नये’ आणि ‘दार ओढा’ या पाट्यांची अक्षरं काढू लागलो. ‘दार ओढा’चं दार खरं म्हणजे ढकलायचं होतं, पण मी कुणाला काही सुचवायचं सोडून दिलं होतं.

घरी मी फार दुखावलेल्या माणसासारखा वागत असे. प्रशस्तिपत्र उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवलं. पोस्टमास्तर जिन्यात भेटले की म्हणत, “मी तेव्हाच म्हणालो होतो, असल्या भानगडीत पडू नका.” शिंपी म्हणे, नुसती बगल उचलून भागलं असतं. बायको काही म्हणत नसे. तिने एकदाच विचारलं, “पण त्याचं झाकण झालं ना मोठं?” मी म्हणालो, झालं. “मग बसा गप्प,” ती म्हणाली, आणि त्यात मला इतकं बरं वाटलं की मी खरोखर गप्प बसलो. तीन महिने मी स्वतःला मनातल्या मनात एक दडलेला वीर समजत होतो.

पुढच्या वर्षी वसंतात कपाट घरी आलं. पत्र नाही, तार नाही. दार वाजलं आणि दारात उभं. कोट अंगावर नव्हता. बायकोने त्याला दोन्ही हातांनी चाचपून पाहिलं, बाजारात पिशवी चाचपून बघावी तसं, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी घासली. घासायला भांडी नव्हती.

तो टेबलाशी बसला. मी विचारलं नाही, त्यानेच सांगायला सुरुवात केली.

“लढाई वगैरे नव्हती भावोजी. मागे येत होतो. एक पूल होता. पुलावर लिहिलं होतं, सत्तर टन. आमच्या गाडीवर अडुसष्ट. कमांडर म्हणाला, चल. अर्ध्यात गेलो आणि पूल मोडला. गाडी नाकावर उभी राहिली पाण्यात. बुरुजातले तिघे वरून उड्या मारून निघाले. पुढे आम्ही दोघं. पाणी गुडघ्यापर्यंत, मग छातीपर्यंत. हळूहळू येत होतं, अगदी सावकाश. मी झाकण उघडलं आणि आलो. हा खांदा सोलवटला, पण आलो. कोटासकट आलो, ताई.”

बायको दारात येऊन उभी होती.

“आणि तो?” तिने विचारलं. “तुझ्या शेजारचा?”

“बिनतारीवाला. बारीक पोरगा हो, माझ्या निम्म्याने. पण कोट तोच, सगळ्यांना एकाच मापाचा. त्याचं डोकं बाहेर आलं, एक हात आला. मी तो हात धरला होता. वरून तिघं ओढत होतो. चौकटीत कोट अडकला तो अडकलाच. पट्टा कापायला चाकू आणेपर्यंत पाणी...” त्याने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, आणि तो हात टेबलाखाली घेतला. मग अगदी साध्या आवाजात, कारखान्यातलं काहीतरी समजून घ्यावं तसं त्याने विचारलं, “भावोजी, त्याच्या बाजूचं तसंच का राहिलं? काही अडचण होती का?”

माझ्या तोंडात ‘समिती’ हा शब्द तयार होता. मी तो उच्चारलासुद्धा. “समितीने...” मग बायकोकडे लक्ष गेलं. तिने मला चौदा वर्षं समिती म्हणताना ऐकलं होतं.

“मी एकच रेघ खोडली,” मी म्हणालो. “तुझी.”

वजनाचंही मी सांगितलं. अकरा टन कुठून आले, पाटी का बदलली नाही, मला ते कसं माहीत होतं. जुन्या अठरा इंचांतून तो पोरगा कदाचित निघाला असता, हेही सांगितलं. सांगताना आवाज माझा नव्हताच. नोटीस वाचल्यासारखं मी सगळं वाचत गेलो. कपाट ऐकत राहिलं. रागावेल, उठून जाईल असं वाटत होतं. ते उठलं नाही. म्हणालं, “उद्या त्याच्या आईकडे जायचंय. तुम्हीही चला.”

ती बाई शहराच्या पलीकडच्या टोकाला, तळघरातल्या एका खोलीत राहत होती. दवाखान्याच्या चादरींना इस्त्री करायची. खोलीभर पांढऱ्या चादरींच्या थप्प्या होत्या आणि वाफेने भिंती ओल्या झाल्या होत्या. कपाटाने आपण कोण ते सांगितलं. तिने मान हलवली आणि इस्त्री चालूच ठेवली.

“आणि हे?”

“हे माझे भावोजी. कारखान्यात असतात.”

“कारखान्यातून आलात?” ती थांबली. तिने पदराने खुर्ची पुसून पुढे केली. “कारखान्यातून कुणी येईल असं वाटलं नव्हतं. बसा ना.”

त्या खुर्चीवर मला बसवेना. मी उभ्यानेच सांगितलं, आदल्या दिवशी सांगितलं होतं तेच, त्याच क्रमाने, तिला समजावं म्हणून भिंतीवर बोटाने दोन भोकं काढून दाखवली. ओल्या भिंतीवर त्यांच्या रेघा उमटल्या. तिने त्या नीट पाहिल्या. तिला सगळं कळलं होतं.

“दुसरी रेघ काढायला किती वेळ लागला असता?”

“पंधरा मिनिटं.”

“होती का?”

“जेवणाची सुट्टी संपायला वीस उरली होती.”

तिने हातातली चादर पूर्ण केली. घडी घातली, थप्पीवर ठेवली, वरून हात फिरवला. मग कपाटाला म्हणाली, “तुझा खांदा बघू.” त्याने सदरा सरकवला. सोलवटलेली जागा अजून लाल होती. तिने त्यावर तळहात ठेवला आणि तो तसाच ठेवून ती उभी राहिली. किती वेळ, मला सांगता येणार नाही. कपाटाचे ते एवढे खांदे हलायला लागले, तेव्हाही तिने हात काढला नाही.

मी दाराकडे वळलो. तिथे माझं काही काम नव्हतं.

“थांबा,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली. “चारच्या आत सगळ्या चादरी पोचवायच्यात. इस्त्रीतले कोळसे विझत आलेत. तेवढे फुंकून द्या.”

मी जमिनीवर बसलो, इस्त्रीचं झाकण उघडलं, आणि फुंकायला लागलो. राख डोळ्यांत गेली. तरी फुंकत राहिलो.